ख्रिस्त 'कोण' आणि ख्रिस्त 'काय'

नागपुरातल्या एका पॅरिशमध्ये (स्थानिक चर्चमध्ये) नववी-दहावीच्या मुलांचा कन्फर्मेशनचा (बाप्तिस्म्यानंतरच्या दृढीकरण संस्काराचा) वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेचा प्रश्न आहे. 'येशू ख्रिस्त कोण आहे, दोन ओळींत लिहा' असं मुलांना सांगितल्यावर वह्यांत चार प्रकारची उत्तरं आली. 'येशू अर्धा देव आणि अर्धा माणूस आहे.' 'देवाने येशूचं रूप घेतलं.' 'क्रुसावर येशूमधला माणूस मेला, देव मेला नाही.' आणि एका मुलाने लिहिलं की त्याचा ऑर्थोडॉक्स मित्र म्हणतो, ख्रिस्ताला एकच स्वभाव आहे. यांतलं बरोबर काय, चूक काय, आणि दुरुस्त कसं करायचं? शाळेतल्या हिंदू मैत्रिणींना समजावताना 'अवतार' म्हटलं तर चालेल का?

पहिली तीन वाक्यं कॅथलिक विश्वासाच्या बाहेर पडतात. चौथ्याचं काय, हे बोलणारा 'स्वभाव' हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो त्यावर ठरतं. हे लिहिणाऱ्या मुलांची श्रद्धा पक्की असू शकते, फक्त शब्द अजून त्यांच्या हातात नीट आलेले नाहीत. त्यामुळे रागावू नका. पण 'हे गूढ आहे, आपल्याला कळायचं नाही' असं म्हणून विषय गुंडाळूही नका. गूढ आहे हे खरंच आहे, तरी त्याच्या भोवती ख्रिस्तसभेने शतकानुशतकं विचार करून कुंपण घातलं आहे, आणि ते कुंपण कुठून कुठे जातं हे दहावीच्या मुलाला नक्की दाखवता येतं.

सुरुवात करायला मराठीने आपल्याला चांगली सोय करून दिली आहे. दाराची कडी वाजली की आतून 'कोण?' असं विचारतात. बाहेरून 'मी, शेजारची काकू' असं उत्तर येतं. 'माणूस' असं कोणी म्हणत नाही. फुटाळा तलावात लांबवर काहीतरी हलताना दिसलं तर आपण 'काय आहे ते?' असं विचारतो आणि उत्तर येतं, 'बदक'. धर्मशिक्षणात ज्याला 'व्यक्ती' म्हणतात ते 'कोण'चं उत्तर, आणि ज्याला 'स्वभाव' म्हणतात ते 'काय'चं. पहिल्या दिवशी फळ्यावर चारच ओळी लिहा. देव काय आहे? एकच देव. देव कोण आहे? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तिघे. ख्रिस्त कोण आहे? देवपुत्र, एकच. ख्रिस्त काय आहे? देव आणि माणूस, दोन्ही. त्रैक्यात 'काय' एक आणि 'कोण' तीन. ख्रिस्तात 'कोण' एक आणि 'काय' दोन. मुलं इथेच अडखळतात, कारण आकडे उलटसुलट जातात. घाई करू नका. या चार ओळी न बघता सांगता येईपर्यंत पुढे जाण्यात काही फायदा नाही.

मग मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय उघडा, ओवी 35 ते 41. वादळाचा प्रसंग आहे. 38व्या ओवीत येशू तारवाच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे. 39व्या ओवीत तो उठून वाऱ्याला दटावतो आणि समुद्र शांत होतो. विचारा: झोपला कोण? येशू. वाऱ्याला दटावलं कोणी? येशूनेच. झोप कशाची खूण? माणसाची. समुद्राला हुकूम देणं कोणाचं काम? देवाचं. एकच तारू, लागोपाठच्या दोन ओव्या, करणारा एकच. आणि शेवटी, 41व्या ओवीत, घाबरलेले शिष्य काय विचारतात ते मुलांनाच शोधू द्या. ते विचारतात, 'हा आहे तरी कोण?' तुमचा सगळा पाठ त्या एका प्रश्नात आहे.

आता 'अर्धा-अर्धा'चं उत्तर देता येतं. अर्धा देव म्हणजे देवच नाही, कारण देवाचे तुकडे होत नाहीत. अर्धा माणूस म्हणजे माणूस नाही, कारण मग त्याचं मरण आपलं मरण ठरत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद 464 हेच स्पष्ट सांगतो: तो थोडा देव आणि थोडा माणूस नाही, आणि दोहोंची सरमिसळही नाही. तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे. तिथून 478पर्यंतचे परिच्छेद तुम्ही स्वतः एकदा सलग वाचून घ्या, वर्गात वाचून दाखवायची गरज नाही.

पण शब्दांचा खरा घोटाळा आपल्याकडे वेगळाच आहे. नागपुरात एकाच मुलाच्या कानावर इंग्रजी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), हिंदी गीतं आणि घरातली मराठी पडते, आणि धर्मशिक्षणाचे शब्द या तिन्हींमधून गोळा झालेले असतात. त्यातला प्रत्येक शब्द रोजच्या बोलण्यात दुसऱ्याच अर्थाने वावरतो. 'स्वभाव' घ्या. 'तिचा स्वभाव तापट आहे' हे आपण रोज म्हणतो. त्यामुळे 'ख्रिस्ताला दोन स्वभाव आहेत' हे ऐकल्यावर मुलाच्या मनात एकदा प्रेमळ, एकदा कडक असा येशू उभा राहतो. 'प्रकृती' म्हणावं तर 'प्रकृती कशी आहे?' म्हणजे तब्येतीची चौकशी. 'स्वरूप' आणि 'रूप' तर सरळच दिसण्याकडे नेतात, आणि 'रूप घेतलं' हे वाक्य तिथूनच आलं आहे. 'व्यक्ती' म्हटलं की मराठी कानाला माणूसच दिसतो, म्हणून त्रैक्यातल्या तीन व्यक्ती म्हणजे बाकावर बसलेली तीन माणसं होतात. 'देहधारण' हा शब्द चांगला आहे, मिस्सात तो ऐकू येतो, पण 'धारण' करतात ते वस्त्र किंवा दागिने. मुलाला वाटतं, देवाने शरीर अंगावर चढवलं आणि आत देवच होता.

मी यातला एकही शब्द टाकून द्या असं म्हणणार नाही, कारण प्रार्थनेत तेच येणार आहेत. पण प्रत्येक शब्द पहिल्यांदा आला की त्याचा रोजचा अर्थ आधी मुलांकडून काढून घ्या आणि 'इथे तो अर्थ नाही' असं सांगून मग खरा अर्थ द्या. 'स्वभाव' म्हणजे इथे 'एखादी गोष्ट मुळात जे असते ते'. 'देहधारण' म्हणजे 'माणूस होणं', शरीर, मन, बुद्धी, इच्छा या सगळ्यासकट. योहानाने शुभवर्तमानात देवपुत्राला 'शब्द' म्हटलं आहे; त्याने वापरलेलं क्रियापद लक्षात आणून द्या: 'शब्द देही झाला.' झाला. देहात शिरला नाही, देह पांघरला नाही.

यानंतर उदाहरणांचा विषय निघतोच, आणि शिकवणाऱ्याच्या हातून सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. उदाहरण मुलाच्या डोक्यात आयुष्यभर राहतं, त्यामुळे चुकीचं दिलं तर पुढची दहा वर्षं ते निघत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात राजाचं काम करणारा नट हे उदाहरण देऊ नका. पडदा पडला की तो मुकुट उतरवून घरी जातो, राजा कधी नव्हताच. ख्रिस्ताचं माणूसपण हा वेश नाही. संत्रा बर्फीचं उदाहरण गोड वाटतं, पण बर्फीत संत्रं संत्रं राहत नाही आणि खवा खवा राहत नाही, दोन्ही मिळून तिसरंच काही होतं. ख्रिस्त हा देव आणि माणूस मिसळून झालेला तिसरा प्रकार नाही. रामटेकच्या टेकडीवर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची देवळं आहेत, मुलांनी सहलीत पाहिलेली असतात, त्यामुळे ते उदाहरण मुलंच देतील. त्या कथेचा आदर ठेवूनच सांगा की नरसिंहाच्या कथेचा सगळा जोर 'ना माणूस, ना पशू' यावर आहे. ख्रिस्ताबद्दल आपण नेमकं उलट म्हणतो, 'देवही आणि माणूसही'. आणि एक उदाहरण तर वेदीवरच आहे, त्यापासून विशेष जपा. अर्पणाच्या वेळी धर्मगुरू द्राक्षारसात पाण्याचा थेंब घालतात. मुलं म्हणतात, 'म्हणजे द्राक्षारस देवपण आणि पाणी माणूसपण.' त्या वेळची प्रार्थना हळू आवाजात होते म्हणून ती ऐकू येत नाही, पण ती आपल्याबद्दल आहे: जो आपल्या माणूसपणात सहभागी झाला, त्याच्या देवपणात आपल्याला वाटा मिळो. ख्रिस्तातले दोन स्वभाव कसे एकत्र आहेत हे तो थेंब दाखवत नाही. तसा अर्थ लावला तर समुद्रात पडून विरून गेलेल्या थेंबासारखं माणूसपण हरवून जातं, आणि ही चूक पाचव्या शतकात खरोखरच झाली होती.

त्यातल्या त्यात चालण्यासारखं एक उदाहरण जुन्या धर्माचार्यांनी दिलेलं आहे: भट्टीतलं लोखंड. लोहार नांगराचा फाळ भट्टीतून काढतो तेव्हा तो लालबुंद असतो. तोच फाळ कापतो आणि तोच भाजतो. कापतो लोखंड म्हणून, भाजतो विस्तव म्हणून. लोखंडाचा विस्तव झालेला नाही, विस्तवाचं लोखंड झालेलं नाही. याचीही मर्यादा सांगून टाका: फाळ थंड होतो, पण ख्रिस्तातलं हे ऐक्य कधी सुटत नाही.

इतिहास किती सांगायचा? तारखा पाठ करून घ्यायच्या नाहीत, पण प्रत्येक धर्मपरिषद, म्हणजे बिशपांची सभा, एका ठरावीक चुकीला उत्तर म्हणून भरली, हे कळलं की मुलांना आपलीच वाक्यं त्यात सापडतात. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस म्हणत होता की पुत्र ही पित्याची पहिली आणि सर्वांत थोर निर्मिती आहे, म्हणजे 'तो नव्हता' असा एक काळ होता. 325 साली नायसियाच्या परिषदेने उत्तर दिलं: जन्मलेला, निर्माण केलेला नव्हे, पित्याशी एकतत्त्व. कुंभार घडवतो तो माठ, पण कुंभाराला होतं ते लेकरू, आणि लेकरू कुंभारासारखंच माणूस असतं. 'घडवला' आणि 'जन्मला' यातलं अंतर एवढ्यात समजतं. इंग्रजी मिस्साला जाणारी मुलं 2011 पासून क्रीडमध्ये, म्हणजे मिस्सातल्या श्रद्धेच्या कबुलीत, 'कन्सबस्टॅन्शियल' (एकतत्त्व) म्हणतात. त्यांना विचारा या शब्दाचा अर्थ काय. 'पिता जे आहे, तेच पुत्र आहे' एवढं आलं तरी पुरे. दारोदारी पुस्तिका घेऊन येणाऱ्या यहोवाच्या साक्षीदारांशी मुलांची गाठ पडते तेव्हा ही ओळ उपयोगी पडते, कारण ते पुत्राला निर्माण केलेला मानतात.

अपोलिनारिस या चौथ्या शतकातल्या बिशपचं म्हणणं होतं की ख्रिस्ताचं शरीर माणसाचं, पण बुद्धीच्या जागी देवाचा शब्दच. 'अंगावर चढवलेला देह' ही मुलांची कल्पना तीच आहे. 381 साली कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेने ती नाकारली. नाझियान्झसच्या ग्रेगरींनी तिच्यावर दिलेलं उत्तर साधं आहे: जे त्याने स्वतःवर घेतलं नाही, ते बरं झालं नाही. आपलं मनच जर सगळ्यात जास्त आजारी असेल आणि त्याने मनच घेतलं नसेल, तर औषध पोचलं कुठे? वर्गात या वाक्यावर थोडं थांबा. मुलांना ते लगेच पटतं.

431ची इफिसची परिषद आणि तिने नाकारलेला कॉन्स्टॅन्टिनोपलचा बिशप नेस्टोरियस (त्याच्या बोलण्यात ख्रिस्ताचे जणू दोन 'कोण' होत) यांच्याकडे पुढे मरियेच्या प्रश्नात येतोच. 451च्या कॅल्सेडॉनच्या परिषदेवर मात्र पूर्ण अर्धा तास द्या. इथे युटिकीस नावाच्या मठवासीची चूक समोर होती: ऐक्य झाल्यावर माणूसपण देवपणात विरून गेलं. परिषदेने ठरवलं की ख्रिस्त एकच व्यक्ती आहे आणि दोन स्वभावांत ओळखला जातो. कसे एकत्र? ग्रीकमध्ये चार शब्द आहेत आणि चारही 'अ'ने सुरू होतात: असिन्खितोस, अत्रेप्तोस, अदियैरेतोस, अखोरिस्तोस. हा ग्रीक 'अ' आपल्या नकारार्थी 'अ'सारखाच आहे, म्हणून मराठीतही चारही 'अ'ने देता येतात: अमिश्र, अविकृत, अविभक्त, अवियुक्त. मिसळ नाही, बदल नाही, वाटणी नाही, ताटातूट नाही. पहिले दोन शब्द युटिकीसच्या बाजूची वाट बंद करतात, पुढचे दोन नेस्टोरियसच्या बाजूची. दोन स्वभाव 'कसे' जोडले गेले याची यंत्रणा परिषदेने सांगितली नाही, आणि तिथेच तिचं शहाणपण आहे. कोणतंही उदाहरण आलं की मुलांना या चार 'अ'वर घासून बघायला सांगा. संत्रा बर्फी पहिल्याच 'अ'ला पडते. नटाला तर माणूसपणच खरं नाही, म्हणून तो चाचणीलाही बसत नाही.

'क्रुसावर माणूस मेला, देव नाही' या वाक्याकडे येऊ. मुलाचा हेतू चांगला आहे, देव मरू शकत नाही हे त्याला ठाऊक आहे. पण या वाक्यात क्रुसावर दोघे आहेत, एक मरणारा आणि एक बाजूला उभा राहिलेला. 'कोण' दोन झाले. स्वभाव मरत नाही, व्यक्ती मरते. क्रुसावर मेला कोण? देवपुत्र. कसा मेला? त्याने घेतलेल्या माणूसपणात. संत पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात (2:8) लिहितो की या युगाच्या अधिपतींनी गौरवाच्या प्रभूलाच क्रुसावर खिळलं.

इथे एक व्याकरणाचा नियम द्या, त्याला धर्मशास्त्रात 'गुणविनिमय' म्हणतात. ज्या नावाने त्या एका 'कोण'ला हाक मारता येते, म्हणजे देवपुत्र, येशू, ख्रिस्त, प्रभू, त्याच्याबरोबर दोन्ही स्वभावांतलं काहीही लावता येतं. 'देवपुत्र रडला' चालतं, 'येशूने जग निर्माण केलं' हेही चालतं. पण शब्दाला '-त्व' किंवा '-पण' लागलं की थांबायचं, कारण आता तो 'काय'चा शब्द झाला आणि त्याला त्याचंच लावावं लागतं. 'देवत्व मेलं' चूक. 'माणूसपणाने जग निर्माण केलं' चूक. नुसतं 'देव मेला' हे वाक्य या नियमात बसतं, तरी वर्गाबाहेर ते मोकळं सोडू नका. ऐकणाऱ्याला पिता मेला किंवा देव संपला असं वाटतं. 'देवपुत्र आपल्या माणूसपणात मेला' असं पूर्ण म्हणण्याची सवय लावा. शुक्रवार आणि रविवार यांच्या मधल्या काळाबद्दलही मुलं विचारतात. मरण म्हणजे शरीर आणि आत्मा यांची ताटातूट. ती येशूची झाली, पण देवपुत्र दोघांपासूनही तुटला नाही: कबरेतलं शरीर त्याचंच होतं आणि मृतांकडे उतरलेला आत्माही त्याचाच होता.

याच नियमाने मरियेला 'देवमाता' का म्हणतात हेही सुटतं. नेस्टोरियस म्हणत होता, 'ख्रिस्तमाता' म्हणा, 'देवमाता' नको. पण आई व्यक्तीची आई असते. प्रत्येक माणसाचा आत्मा देव निर्माण करतो, तरी आपण 'ही तिच्या शरीराची आई' असं म्हणत नाही, 'ही तिची आई' म्हणतो. मरियेने जन्म दिला तो 'कोण' देवपुत्र आहे, म्हणून ती देवाची आई. ती देवत्वाची आई नव्हे. पुन्हा '-त्व' आलं की थांबायचं. अलेक्झांड्रियाचे बिशप सिरिल यांनी धरून ठेवलेला हा मुद्दा 431 साली इफिसला मान्य झाला. इथेच आणखी एक गोंधळ मिटवून टाका, कारण तो जवळजवळ प्रत्येक वर्गात असतो: 8 डिसेंबरचा निष्कलंक गर्भसंभवाचा सण येशूच्या गर्भधारणेचा नाही. मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासून आदिपापापासून (आदामापासून माणसांना जन्मतः लागलेल्या पापापासून) मुक्त होती, हा त्याचा अर्थ. येशूच्या गर्भधारणेचा सण 25 मार्चला असतो, नाताळच्या बरोबर नऊ महिने आधी. तारखा मोजायला लावल्या की मुलं हे विसरत नाहीत.

मुलांचे सगळ्यात प्रामाणिक प्रश्न येशूच्या मनाबद्दल येतात. 'त्याला सगळं आधीच माहीत होतं, मग त्याला भीती कशी वाटली?' लूक 2:52 म्हणतं की तो ज्ञानाने वाढत गेला. मार्क 13:32 मध्ये तो म्हणतो की तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. त्याला माणसाचं खरं मन होतं, आणि माणसाचं मन शिकतं, अनुभवातून वाढतं, त्याला सीमा असते. पित्याशी त्याची जी जवळीक होती आणि जे सांगायला तो आला होता, ते त्याच्या माणूस-मनालाही पूर्ण ठाऊक होतं. तो दिवस सांगणं त्याच्या कामात नव्हतं. इच्छेचंही तसंच. अटकेच्या रात्री गेथशेमनीच्या बागेत तो पित्याला म्हणतो, 'माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो.' इच्छा एकच आणि तीही देवाचीच असती, तर या वाक्याला अर्थच उरत नाही. 680-681च्या कॉन्स्टॅन्टिनोपलच्या तिसऱ्या परिषदेने दोन इच्छा मान्य केल्या, देवाची आणि माणसाची; दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध जात नाहीत, माणसाची इच्छा स्वखुशीने देवाच्या इच्छेमागे जाते. त्याआधी या मुद्द्यावर ठाम राहिलेल्या मॅक्सिमस नावाच्या मठवासीची जीभ आणि उजवा हात कापला होता, आणि 662 साली तो हद्दपारीतच वारला. बागेतला येशू खरंच घाबरला होता, खरंच 'हो' म्हणाला होता, एवढ्यासाठी एका माणसाने हे सोसलं.

'माणूस म्हटला की चुका आल्याच, मग येशूने पाप केलं नाही तर तो पूर्ण माणूस कसा?' हा प्रश्न हुशार मुलंच विचारतात. पाप हा माणूसपणाचा भाग नाही, माणूसपणाला लागलेली कीड आहे. किडकं संत्रं जास्त संत्रं नसतं. इब्री 4:15 म्हणतं की तो सर्व बाबतींत आपल्यासारखा पारखला गेला, तरी निष्पाप राहिला.

आणि एक चूक वह्यांत दिसली नसली तरी विचारून बघा: 'येशू आता माणूस आहे का?' बरीच मुलं 'नाही, स्वर्गात गेला तेव्हा शरीर इथेच राहिलं' असं म्हणतात. पुनरुत्थानानंतर त्याने शिष्यांसमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला (लूक 24:42-43). स्वर्गारोहणाला तो माणूसपण सोडून गेला नाही, घेऊन गेला. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर घरोघरी असते. ते माणसाचं हृदय आहे, आणि देवपुत्राचं असल्यामुळेच आपण त्याची आराधना करतो.

ऑर्थोडॉक्स मित्राचं वाक्य. नागपुरात हा प्रश्न पुस्तकी नाही. कळमेश्वरला मलंकर ऑर्थोडॉक्स सभेची सेंट थॉमस सेमिनरी आहे आणि शहरात त्या सभेची कुटुंबं आहेत. (सिरो-मलबार कुटुंबं वेगळी, तीही केरळची असली तरी कॅथलिक आहेत. मुलं दोघांना एकच समजतात.) ही ऑर्थोडॉक्स सभा कॅल्सेडॉन मानत नाही आणि 'देहधारी शब्दाचा एक स्वभाव' ही सिरिल यांची भाषा वापरते. त्यात 'स्वभाव' हा शब्द ऐक्यावर जोर देण्यासाठी आहे. माणूसपण विरून गेलं असं ती म्हणत नाही, युटिकीसला तीही चूक मानते. 3 जून 1990 रोजी कॅथलिक सभा आणि ही सभा यांचं संयुक्त निवेदन प्रसिद्ध झालं. त्यात ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस आहे, हे दोघांनी मिळून कबूल केलं. तेव्हा तुमच्या विद्यार्थ्याने मित्राला 'तू चूक' म्हणण्याआधी एवढंच विचारावं: 'ख्रिस्त पूर्ण माणूस आहे ना?' उत्तर 'हो' येईल.

'अवतार' मैत्रिणीशी बोलताना सुरुवातीला चालेल, कारण तो तिच्या ओळखीचा शब्द आहे आणि देव माणसांत आला एवढं त्यातून लगेच पोचतं. पण तिथेच सोडू नका, तीन फरक लगेच सांगा. अवतार अनेक असतात, देहधारण एकदाच झालं. अवताराचं काम संपलं की तो परत जातो, ख्रिस्ताचं माणूसपण कायमचं आहे. आणि येशू रोमन सुभेदार पिलाताच्या काळात, इतिहासातल्या ठरावीक वर्षांत, खरंच वेदना सोसून मेला. बौद्ध मैत्रिणींशी बोलताना 'अवतार'ने उलट गैरसमज वाढतो. तिथे सरळ 'देव माणूस झाला' म्हणा आणि तिच्या प्रश्नांना उत्तर द्या.

वर्गाचा हिशेब असा ठेवा: 45 मिनिटांचे चार रविवार. पहिला 'कोण' आणि 'काय', मार्कच्या वादळासह. दुसरा शब्द, उदाहरणं आणि चार 'अ'. उदाहरणं मुलांनी घरून आणावीत आणि वर्गाने ती मोडून बघावीत, नुसतं ऐकून काही राहत नाही. तिसरा '-त्व'चा नियम, क्रूस आणि मरिया. चौथा मन, इच्छा आणि पुनरुत्थित शरीर. चौथ्या दिवशी 20 मिनिटं राखून पहिल्या दिवशीचाच प्रश्न पुन्हा लिहायला द्या आणि दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा.

मग त्या रविवारच्या मिस्सात एक काम द्या. क्रीड म्हणताना पवित्र आत्म्याच्या शक्तीने कुमारी मरियेपासून देहधारण झाल्याच्या शब्दांना सगळ्यांनी कमरेतून वाकायचं असतं; नाताळला आणि 25 मार्चला गुडघा टेकायचा असतो. पुष्कळदा लोक मरियेचं नाव आलं की वाकतात आणि लगेच सरळ होतात. ज्या शब्दांसाठी वाकायचं ते त्यानंतर येतात. 'माणूस झाला' हे शब्द तोंडातून पूर्ण निघेपर्यंत वाकलेलंच राहायला सांगा.